'डिस्को दीवाने' : नाझिया हसनचा पहिला अल्बम आख्खा कुणी ऐकलाय?

मुक्ता_ना

नाझिया हसन म्हटलं की लोक दोनच गाण्यांची नावं घेतात. एक 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई', दुसरं 'डिस्को दीवाने'. पहिलं सिनेमातलं, ते टिकणारच. दुसरं ज्या अल्बमचं शीर्षकगीत आहे तो १९८१ चा तिचा पहिला स्टुडिओ अल्बम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेली माणसं मला फार थोडी भेटली. सध्या मी तो पुन्हा पुन्हा ऐकतेय. आपल्याकडच्या पॉपचा इतिहास सांगताना लोक थेट १९९० च्या दशकापासून सुरुवात करतात आणि या अल्बमला एका वाक्यात उरकतात, हे मला मनापासून खटकतं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. नाझियाचा जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५. लहानपण कराची आणि लंडनमध्ये गेलं. लंडनच्या एका पार्टीत 'कुर्बानी' काढणाऱ्या फिरोज खान यांची गाठ पडली. त्यांनी तिला इंग्लंडमधले संगीतकार-निर्माते बिड्डू यांच्याकडे आवाजाच्या चाचणीला पाठवलं. 'कुर्बानी'चं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एक गाणं तेवढं बिड्डूंचं. त्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्यानंतर लगेच हा अल्बम. 'आओ ना', 'लेकिन मेरा दिल', 'मुझे चाहे ना चाहे', 'कोमल कोमल', 'तेरे कदमों को', 'धुंधली रात के' वगैरे दहा तुकडे, त्यांतला एक शीर्षकगीताचाच नुसत्या वाद्यांवरचा. काही गाण्यांत धाकटा भाऊ झोहेब तिच्यासोबत आहे.

माझा प्रश्न असा : हा अल्बम तुम्ही कुणाचा मानता? नाझियाचा की बिड्डूंचा? माझं उत्तर नाझियाचा. तुमचं काय ते सविस्तर लिहा. आणि शीर्षकगीत सोडून त्यातलं आवडतं गाणं कोणतं, तेही सांगा.

चहाटळ

आख्खा अल्बम? अहो, आमच्या चाळीत शीर्षकगीतातल्या 'आहा'च्या पुढे कुणी जाऊच द्यायचं नाही. तिथे आलं की सगळी पोरं एकदम ओरडायची आणि पुढचं काही ऐकू यायचं नाही :)

गिरगावकर

छान धागा. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. काळा घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये काचेच्या केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकता यायची. विकत घेण्याची ऐपत नसलेल्या आम्हा पोरांची ती हक्काची जागा होती. 'डिस्को दीवाने'ची एल्पी तिथेच पहिल्यांदा ऐकली.

आज गंमत वाटेल, पण ही रेकॉर्ड दुकानात नेमकी कुठे ठेवायची हाच प्रश्न होता. हिंदी सिनेमाच्या कप्प्यात ती बसत नव्हती, कारण सिनेमाच नव्हता. बिगरफिल्मी कप्प्यात भजनं, गझला, भावगीतं, नाट्यसंगीत, कथाकथन. जगजीत-चित्रांच्या शेजारी ही ठेवायची? आणि इंग्रजी पॉपच्या कप्प्यात ठेवावी तर गाणी आपल्या भाषेतली. मी ज्या दुकानांत जायचो तिथे प्रत्येकाने ती वेगळ्या जागी लावली होती. म्हणजे असं काही आधी आलंच नव्हतं याचा हा माझ्या लेखी साधा पुरावा.

त्या वर्षी गॅदरिंगला तीन वर्गांनी एकच गाणं नाचासाठी दिलं होतं. शेवटी प्राध्यापकांनी चिठ्ठ्या टाकल्या. आमची चिठ्ठी निघाली नाही, त्याचं दुःख अजून आहे.

आवडतं गाणं : 'लेकिन मेरा दिल'. शीर्षकगीतापेक्षा वरचढ.

सूरपेटी

मी गाणं शिकवतो, त्यामुळे जरा कडवट वाटेल असं लिहितोय, राग मानू नये.

हा अल्बम शंभर टक्के बिड्डूंचा आहे. बंगळुरूचा हा माणूस इंग्लंडात जाऊन निर्माता झाला. १९७४ साली कार्ल डग्लसच्या 'कुंग फू फायटिंग'ने जग हलवलं, ती निर्मिती यांची. १९७६ साली टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तीही यांचीच. म्हणजे १९८१ पर्यंत नाचाचं गाणं कसं बांधायचं, बेस कुठे उचलायचा, व्हायोलिनं कुठे सोडायची, मुखडा किती वेळा आणि केव्हा परत आणायचा, हे त्यांच्या हातात पूर्ण मुरलेलं होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने समोर ठेवलेल्या चाली म्हटल्या. आवाज अनुनासिक, बारीक. मुरकी नाही, हरकत नाही, मींड नाही, म्हणजे गळ्याची कसलीच सजावट नाही. तिच्या जागी दुसरी कुणीही गोड आवाजाची मुलगी असती तरी 'डिस्को दीवाने' चाललंच असतं.

रेवती_प

@सूरपेटी सर, मुरकी नाही, हरकत नाही, हे तुम्ही उणं म्हणून मोजलंत. माझ्यासाठी त्या अल्बमचं सगळं मोल तिथेच आहे. जरा लांबण लावते.

मी तेव्हा सातवीत, साताऱ्याला. गाण्याच्या क्लासला जायचे. आम्हा मुलींना सिनेमातलं कुठलंही गाणं म्हणायचं तर पहिली अडचण पट्टीची. लताबाईंची, आशाबाईंची गाणी ज्या उंचीवर जातात तिथे पोचताना निम्म्या मुलींचे आवाज फाटायचे. मग बाई पेटीवर पट्टी खाली आणायच्या आणि खाली आणलं की ते गाणं ओळखीचं वाटायचं नाही. गाणं म्हणजे आपल्याला न जमणारी गोष्ट, ती ऐकायची, असं आपोआप मनात बसत गेलं होतं.

नाझिया बोलायच्या आवाजात गाते. खालच्या पट्टीत, छातीतून, सरळ स्वर लावून. तिचं गाणं लागलं की आमच्या घरात मी, माझी बहीण, शेजारची मुलगी, सगळ्या तिच्याच पट्टीत तिच्याबरोबर म्हणू शकायचो. 'आपल्यासारखी मुलगी गातेय' असं तोवर रेकॉर्डवर कधी ऐकलेलंच नव्हतं. पडद्यावरच्या नायिकेसाठी तयार केलेला तो आवाज नव्हता. शाळेत जाणाऱ्या मुलीचा, शाळेत जाणाऱ्या मुलीच्याच वयाचा आवाज होता. ते बिड्डूंना लंडनमधल्या कुठल्या सराईत गायिकेकडून मिळालं नसतं. सराईत गायिकेने त्यात काहीतरी सजवलं असतं आणि सगळं बिघडलं असतं.

त्यामुळे 'दुसरी कुणीही चालली असती' हे मला अजिबात मान्य नाही.

आवडतं : 'कोमल कोमल'. कारण त्यात नाचाची घाई नाही आणि आवाज मोकळा ऐकू येतो.

मनीमाऊ

रेवती, +१००. आम्ही मुलींनी वहीत हीच गाणी उतरवून घेतली होती, वहीला फुलाफुलांचं कव्हर.

राजापूरचा

आमच्याकडे ही कॅसेट मुंबईहून आली नाही, कुवेतहून आली. त्या वर्षांत कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यांतून घरटी एक माणूस तरी आखातात असायचा. माझे चाचा सुट्टीवर आले की टू-इन-वन, अत्तराच्या बाटल्या, नायलॉनच्या साड्या आणि कॅसेटी. त्यात ही होती. मूळ कॅसेट चाचांनी कपाटात कुलपात ठेवली आणि तिच्यावरून भरून घेतलेल्या कॅसेटी गावभर फिरल्या. माझ्याकडे आलेली कॅसेट कितव्या हातची होती कोण जाणे, पण 'तेरे कदमों को'च्या मध्येच कुणीतरी चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं होतं आणि तिथे कोंबडा आरवायचा. मोठेपणी खरं गाणं ऐकलं तेव्हा त्या जागी कोंबडा नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं झालं.

नाझिया कराचीची याचं आमच्याकडे कुणालाच अप्रूप नव्हतं. फाळणीनंतर कराचीला गेलेली नात्यातली माणसं होतीच की. दादी म्हणायची, पोरगी आपल्याकडचीच वाटते.

चहाटळ

कोंबड्यासह आवृत्ती बाजारात आणा, मी पहिला गिऱ्हाईक.

आडगावकर

एका मुद्द्यावर स्पष्ट असहमती. या अल्बमबद्दल नेहमी म्हटलं जातं की सिनेमाच्या आधाराशिवाय लोकप्रिय झालेलं हे पहिलं संगीत. हिंदीपुरतं बोलत असाल तर चर्चा करू, पण मराठी माणसाने हे वाक्य मान खाली घालून का स्वीकारावं? आपल्याकडे गजाननराव वाटव्यांपासून भावगीत सिनेमाच्या बाहेरच वाढलं. अरुण दातेंचं 'शुक्रतारा' कुठल्या सिनेमातलं? प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं गावोगावच्या लाउडस्पीकरवर वाजत होती, त्यांना कुठला नायक लागला? कोळीगीतं? गणपतीतले मेळे? सिनेमाविना गाणं घराघरात पोचवण्याचं काम महाराष्ट्राने खूप आधी केलेलं आहे. नाझियाबद्दल आदर ठेवून सांगतो, नवीन काही असेल तर ते ठेक्यात आणि ध्वनीत. बिगरफिल्मी असण्यात नवीन काहीच नाही.

मुक्ता_ना

@आडगावकर, मुद्दा बिनतोड आहे आणि मी त्यात भरच घालते. भावगीतात कवी मोठा, मग संगीतकार, मग गायक. आपण 'पाडगावकरांचं गाणं' म्हणतो, 'खळ्यांची चाल' म्हणतो. 'डिस्को दीवाने'त कवी कोण हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजण सांगू शकतील? तिथे अल्बम म्हणजे ती मुलगी, तिचा चेहरा, तिचं वय, तिचे कपडे, तिचा भाऊ. गायिकाच केंद्र. पॉप म्हणतात ते हेच, आणि आपल्या भागात ते इतक्या ठळकपणे आधी आलेलं मला दिसत नाही.

@राजापूरचा, तुमचा प्रतिसाद वाचून मी मोठ्याने हसले. शेजारी नवऱ्याला सांगावा लागला.

फेडर

ध्वनिमुद्रणात काम करतो म्हणून थोडं तांत्रिक. चांगला हेडफोन लावून ऐका. बऱ्याच ठिकाणी नाझियाचा आवाज एकटा नाही. तीच ओळ तिने पुन्हा गाऊन पहिल्यावर बसवलेली आहे. दोन्ही वेळचं गाणं केसभर वेगळं असतं, त्यामुळे आवाजाला जाडी येते आणि एक प्रकारची झळाळी येते. सूरपेटी सर ज्याला बारीक म्हणतात त्या आवाजावर बिड्डूंनी केलेला हा इलाज. 'आप जैसा कोई'मध्येही हेच आहे. तिथे तर तो इलेक्ट्रॉनिक ड्रमचा 'प्यूं प्यूं' आवाजही आहे, जो पुढे आपल्या प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याने विकत घेतला.

दुसरं. त्या काळात मुंबईत गाण्याचं ध्वनिमुद्रण म्हणजे साठ-सत्तर वादक आणि गायक एकाच वेळी स्टुडिओत, टेक सुरू, कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लंडनमध्ये एकेक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं, मग आवाज घ्यायचा, मग सगळं मिसळायचं, हा रिवाज रुळलेला होता. म्हणून या अल्बमचा बेस इतका स्वच्छ ऐकू येतो. त्या वर्षीचं आपल्याकडचं कुठलंही गाणं आणि हे गाणं एकापाठोपाठ लावा, फरक दोन सेकंदांत कळतो. माझ्या मते लोकांना 'विदेशी' वाटलं ते हे. शब्द आपले, चाल बऱ्यापैकी आपली, ध्वनी मात्र बाहेरचा.

सूरपेटी

@फेडर, धन्यवाद. मग अल्बम कुणाचा हे तुम्हीच सांगितलंत.

फेडर

नाही सर. आवाज जाड करण्याचं तंत्र सगळ्यांकडे होतं. कुठला आवाज जाड करायचा हे महत्त्वाचं. वाईट आवाज दोनदा घेतला तर दुप्पट वाईट होतो, हे मी रोज अनुभवतो.

टोरांटोची_सई

थोडं अवांतर, पण संबंध आहे. इथे माझे शेजारी गयानाचे, पाच पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज मळ्यांवर गेलेले. हिंदी बोलता येत नाही, पण गाणी पाठ. त्यांच्या घरच्या समारंभात 'कुर्बानी'तली दोन गाणी वाजणारच. एक नाझियाचं आणि दुसरं कांचनचं 'लैला ओ लैला'. मग कळलं की कांचन आणि तिचा नवरा बबला (कल्याणजी-आनंदजींचा धाकटा भाऊ) ही जोडी पुढे गयाना-त्रिनिदादमध्ये प्रचंड लोकप्रिय झाली, तिथल्या चटणी गाण्यांच्या (म्हणजे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या नाचाच्या गाण्यांच्या) रेकॉर्ड त्यांनी काढल्या. एकाच सिनेमातून दोन गायिका दोन दिशांना गेल्या आणि दोघींनी सिनेमाबाहेर आपलं राज्य उभं केलं. हा योगायोग मला फार आवडतो.

गिरगावकर

@सई, बबलांची 'डिस्को दांडिया' विसरलीस की काय? मुंबईच्या नवरात्रात त्या कॅसेटींनी धुमाकूळ घातला होता. डिस्को हा शब्द तेव्हा कशालाही लावायचे. डिस्को शर्ट, डिस्को चप्पल. आमच्या नाक्यावर डिस्को भेळ मिळायची, त्यात डाळिंबाचे दाणे जास्त असायचे एवढाच फरक.

निमिष_आर

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटकं लावून उडवला गेला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि पुढचा सामना रद्द झाला. अमेरिकेत डिस्कोची उतरण तिथून धरतात. म्हणजे तिकडे डिस्कोचं तेरावं घालून झालं, त्यानंतर 'आप जैसा कोई', 'डिस्को दीवाने' आणि १९८२ चा 'डिस्को डान्सर' आले. आपल्याकडे डिस्को सुरूच तेव्हा झाला! बिड्डूंना हे अचूक कळलं होतं. लंडनमध्ये ज्या हत्याराची धार गेली होती ते कराची-मुंबईत अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

तसंच, 'पहिली' हा शब्द जपून वापरा. मुंबईत वाढलेली आशा पुथली १९७६ सालीच 'स्पेस टॉक' गाऊन बसली होती आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत ते वाजत होतं. इंग्रजीत असल्यामुळे आपल्यापर्यंत पोचलं नाही, इतकंच. नाझियानंतर लगेच, १९८२ मध्ये, बांगलादेशच्या रुना लैलांचा बप्पी लाहिरींबरोबरचा 'सुपर रुना' आला. म्हणजे कराची, ढाका, मुंबई तिन्हीकडे एकदम काहीतरी शिजत होतं.

ऋग्वेद_२००३

मी या धाग्यावर बहुधा सगळ्यात लहान. मला हे गाणं २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मधून कळलं. त्यात सुनिधी चौहान, बेनी दयाल आणि नाझियाचा मूळ आवाज असं एकत्र आहे. शाळेत त्यावर नाच बसवला होता, नाझिया कोण ते माहीत नव्हतं. हा धागा वाचून काल मूळ अल्बम लावला.

खरं सांगू? मला तो जुना वाटला नाही. हल्ली घरच्या खोलीत बसून गाणी करणाऱ्या मुली अशाच गातात, जवळून, हळू, न सजवता. माझ्या मैत्रिणीला न सांगता 'धुंधली रात के' ऐकवलं तर तिने विचारलं, ही नवीन कोण?

मनीमाऊ

ऋग्वेद, तुझ्या मैत्रिणीला आमच्यातर्फे एक डिस्को भेळ.

सांगलीकर_वहिनी

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. ही प्रेमगीतं बहीण-भाऊ गातात! आमच्या सासूबाईंना गाणी आवडायची, पेटीवर बोटंही फिरायची. कॅसेटच्या कव्हरवरची नावं वाचून त्यांनी विचारलं, हे नवराबायको का? दीर म्हणाले, नाही, सख्खे बहीण-भाऊ. सासूबाईंनी टेप बंद केला. पाच मिनिटांनी स्वतःच लावला आणि म्हणाल्या, "गाणं चांगलं आहे, नातं मनात आणायचं नाही."

रेवती_प

वहिनी, सासूबाईंना साष्टांग दंडवत _/\_

आडगावकर

वहिनी, पार्श्वगायनात बहीण-भावाने युगुलगीत म्हणणं आपल्याला नवीन नाही, पण तिथे पडद्यावर दुसरेच चेहरे असतात. इथे चेहरेही त्यांचेच. अडखळायला होणार ते तिथेच. सासूबाईंनी बरोबर जागा पकडली.

ज्योत्स्ना_के

नाझियाबद्दल बोलताना ती कुठल्या काळात गात होती तेही आठवू या. १९७७ पासून पाकिस्तानात जनरल झियांची राजवट. मुलीने टीव्हीवर उभं राहून नाचाचं गाणं म्हणावं हे सरकारला रुचणारं नव्हतं. त्या वातावरणात एक शाळकरी मुलगी शेजारी देशातली लोकप्रिय गायिका होते आणि तिच्या देशातली पोरंही तीच गाणी म्हणतात, याला धैर्य लागतं. तिचं आणि तिच्या घरच्यांचंही. पुढे पाकिस्तानात पॉपची लाट आली, १९८७ मध्ये व्हायटल साइन्ससारखे बॅण्ड आले, त्यांच्यासाठी रस्ता या भावंडांनी मोकळा केला.

तिने गाण्यालाच आयुष्य मानलं नाही हेही मला महत्त्वाचं वाटतं. लंडनला कायद्याचं शिक्षण घेतलं, संयुक्त राष्ट्रांत काम केलं, समाजकार्य केलं. १९९५ चं 'मेड इन इंडिया' बिड्डूंनी आधी नाझियालाच देऊ केलं होतं, तिने नाही म्हटलं आणि ते अलिशा चिनॉयकडे गेलं. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली. पस्तीस वर्षांची होती. मला ते वय वाचून अजूनही गलबलतं.

पुष्कर_डोंबिवली

सगळीकडे वाचायला मिळतं की पहिल्याच दिवशी मुंबईत लाखभर प्रती खपल्या, ब्राझीलमध्ये पहिला क्रमांक मिळाला वगैरे. मला असल्या आकड्यांत रस नाही. माझ्यापुरता पुरावा वेगळा आहे. आमच्या भागातल्या बेंजो पार्टीने विसर्जनाला हे गाणं उचललं होतं. बेंजोवाले बाजार ओळखणारी माणसं, चालतं तेच वाजवतात. ताशाच्या ठेक्यावर 'डिस्को दीवाने' इतकं फिट्ट बसायचं की बरेच दिवस मला ते मराठी गाणं वाटत होतं.

सूरपेटी

धागा बराच पुढे गेला, मूळ प्रश्नाकडे येतो. या दोन दिवसांत मी अल्बम सलग ऐकला, वही घेऊन. माझं म्हणणं कायम आहे, पण नीट मांडतो.

बिड्डूंशिवायची नाझिया कशी वाटते हे तपासता येतं. १९८२ चा 'स्टार' सिनेमा, ज्यातलं 'बूम बूम', तो बिड्डूंबरोबर. सिनेमा पडला, गाणी चालली. १९८४ चं 'यंग तरंग', तेही बिड्डूंबरोबर, तेही गाजलं. १९९२ चा 'कॅमेरा कॅमेरा' झोहेबने केला. आज किती लोकांना त्यातलं एक गाणं आठवतं? आवाज तोच, उलट जास्त पिकलेला. मग उणीव कशाची होती?

रेवतीताईंचा पट्टीचा मुद्दा मला शिक्षक म्हणून फार मोलाचा वाटला. माझ्या क्लासमध्ये मुलींना त्यांच्या पट्टीतलं गाणं द्यायचं हे मी पाळतोच. पण खालच्या पट्टीत चाल बांधायची हा निर्णयही संगीतकाराचाच.

आवडतं गाणं विचारलंत, तर 'मुझे चाहे ना चाहे'. चाल सुरेख चढते.

रेवती_प

सर, हीच कसोटी उलटी लावा ना. नाझियाशिवायचे बिड्डू. १९९३ ला श्वेता शेट्टीचं 'जॉनी जोकर', १९९५ ला 'मेड इन इंडिया'. दोन्ही जोरात चालली, दोन्ही उत्तम बांधलेली. पण त्या गायिका कसलेल्या आहेत, ठसक्यात गातात, कॅमेऱ्याकडे बघून गातात. 'लेकिन मेरा दिल'मध्ये जो लाजरा, किंचित हट्टी सूर आहे तो बिड्डूंच्या त्यानंतरच्या एकाही गाण्यात मला सापडत नाही. तो त्यांनी रचलेला असता तर त्यांना पुन्हा रचता आला असता.

आणि 'कॅमेरा कॅमेरा'च्या वेळेस ती सत्तावीस वर्षांची झाली होती, तिचं लक्ष दुसरीकडे होतं. आवाज पिकला म्हणता, तोच तर मुद्दा आहे. हा अल्बम कच्च्या आवाजाचा आहे.

फेडर

रेवतींना अनुमोदन. स्टुडिओत आम्ही गायकाला सांगू शकतो की इथे हळू गा, इथे श्वास घे. 'सोळा वर्षांची हो' असं सांगून कुणी होत नाही.

निमिष_आर

सर आणि रेवती, दोघंही झोहेबला विसरताय. 'मुझे चाहे ना चाहे' सरांना आवडलं, त्यात तो आहे. 'तेरे कदमों को'मध्येही आहे. शेजारी सख्खा भाऊ उभा आहे म्हणूनच ती इतकी बिनधास्त गाते, असं मला वाटतं. परक्या सराईत गायकासमोर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी दबून गेली असती. तिची एकटीची गाणी आणि त्याच्यासोबतची गाणी पाठोपाठ ऐका. सोबतच्या गाण्यांत ती जास्त खेळते.

मुक्ता_ना

निमिष, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आत्ता 'तेरे कदमों को' लावलंय. दुसऱ्या कडव्यात ती त्याच्या ओळीच्या शेपटावरच आपली ओळ सुरू करते, जराही थांबत नाही. घरात एकमेकांचं बोलणं तोडणारी भावंडं जशी बोलतात तशी. सर, ही जागा ऐका आणि सांगा, ही बिड्डूंनी लिहून दिली असेल?

सूरपेटी

ऐकली. ही लिहून देता येत नाही. उद्या क्लासमध्ये मुलींना ऐकवतो.

राजापूरचा

आमच्या कॅसेटमध्ये नेमका तिथेच कोंबडा होता हो!